कानाने लावलेलं टाइमिंग आणि इतर अंधश्रद्धा

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या लोकांकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते कुणी म्हटलं की डोकंच सटकतं. "अरे, नवा डिस्ट्रिब्युटर टाक ना. लाव आणि विसरून जा!"

मी लावला. विसरूनही गेलो. आणि मग एका संध्याकाळी एल कामिनो रियालवर, डावीकडे वळायच्या सिग्नलला, माझी १९७२ ची सुपर बीटल ऐन चौकात गचका खाऊन बंद पडली. इथे कॅलिफोर्नियात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे डावीकडे वळताना समोरून येणारा अख्खा ट्रॅफिक आपल्याला आडवा येतो. समोरच्या ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. गाडीत काही तुटलं नव्हतं, पेट्रोल संपलं नव्हतं, बॅटरी उतरली नव्हती. सगळे पार्ट नवे कोरे होते. तोच तर प्रॉब्लेम होता.

तर आज या 'लाव आणि विसर' पंथावर राग काढायचा आहे. लिखाण जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं एका ओळीत असं: डिस्ट्रिब्युटर म्हणजे बल्ब नव्हे. जुना काढला, नवा पिळला, उजेड पडला, असं त्यात नसतं. त्याच्या आत इंजिनासाठी लिहिलेला एक प्रोग्रॅम असतो. तो प्रोग्रॅम मोजायची ज्याची तयारी नाही, त्याने तो बदलायच्या भानगडीत पडू नये.

ज्यांनी आयुष्यभर फ्युएल इंजेक्शनच्याच गाड्या चालवल्यात त्यांच्यासाठी थोडं बेसिक. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडल्यावर लगेच स्फोट होऊन संपत नाही, ते जळायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. या सगळ्यात वरच्या जागेला टीडीसी म्हणतात. किती आधी, ते क्रँकच्या डिग्रीत मोजतात. आता आपला आवडता प्रकार, गणित. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो, म्हणजे १८,००० डिग्री, म्हणजे एका मिलिसेकंदात १८ डिग्री. ९०० आरपीएमला हेच फक्त ५.४ डिग्री. म्हणजे जळायला लागणारा वेळ साधारण तेवढाच धरला, तर वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक लवकर पडायला हवी. हा झाला पहिला इनपुट: आरपीएम.

दुसरा इनपुट लोकांच्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे लोड. पाय ॲक्सिलरेटरवर हलका असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ असतं. विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्यामुळे ठिणगी आणखी लवकर हवी. पाय पूर्ण दाबला की मिश्रण दाट होतं, भराभर जळतं, तेव्हा तेवढा ॲडव्हान्स दिला तर नॉकिंग होतं.

म्हणून डिस्ट्रिब्युटरची कामं तीन. कॉइलचा करंट तोडणं, ठिणगी योग्य प्लगला वाटणं, आणि ती *कधी* पाडायची ते ठरवणं. पहिली दोन कामं डोळ्यांना दिसतात. तिसरं काम आत लपलेली दोन वजनं, दोन स्प्रिंगा आणि बाहेरचा तो व्हॅक्यूमचा डबा करतात. वजनं आरपीएम वाचतात, डबा लोड वाचतो. दोन इनपुट, एक आउटपुट. लोखंडात लिहिलेलं फर्मवेअरच हे. मला तर पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा भरून आलं होतं :-)

आता मूळ दुखण्याकडे येऊ. एअर-कूल्ड फोक्सवॅगनच्या जगात '००९' नावाचा डिस्ट्रिब्युटर प्रसिद्ध आहे. (००७ चा थोरला भाऊ समजा.) मूळचा बॉशचा, नंतर त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या. स्वस्त, नवा, सहज मिळणारा. आणि त्याला व्हॅक्यूमचा डबाच नाही. फक्त वजनं आणि स्प्रिंगा.

हा इतका लोकप्रिय का झाला त्याला कारण आहे. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्सने इथेच, कॅलिफोर्नियात, बीटलचे भाग वापरून मेयर्स मँक्स ही ड्यून बगी केली आणि ही इंजिनं वाळूत पळवायचं वेड पसरलं. अशा इंजिनांवर दोन-दोन मोठे कार्ब्युरेटर बसायचे. त्यांतल्या अनेकांना डिस्ट्रिब्युटरसाठी धड व्हॅक्यूमची नळीच नसे. आणि वाळूत पाय सतत पूर्ण दाबलेला, तेव्हा व्हॅक्यूम जवळपास शून्यच असतो. तिथे नुसता मेकॅनिकल ॲडव्हान्स पुरतो. त्या माणसांना ००९ हवा होता आणि तो त्यांना बरोबर होता.

पण मला आणि माझ्यासारख्या हजारोंना सनीव्हेलहून ऑफिसला जायचंय! माझ्या गाडीत १६०० सीसीचं इंजिन आणि सोलेक्सचा ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर आहे. १९७० चा क्लीन एअर ॲक्ट आला त्या काळातला हा कार्ब्युरेटर. धूर कमी व्हावा म्हणून आयडलच्या आसपास तो मिश्रण मुद्दाम विरळ ठेवतो. पाय जरा टेकवला की थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या बारीक भोकातून डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम मिळतो, ॲडव्हान्स तत्क्षणी वाढतो आणि ते विरळ मिश्रण वेळेत जळतं. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर या दोघांमध्ये असा करार आहे. एकाने काटकसर करायची, दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं.

००९ लावला की हा करार मोडतो. पाय टेकवला, मिश्रण विरळच आहे, पण ॲडव्हान्स वाढत नाही, कारण वजनं आरपीएम वाढायची वाट बघतायत. आणि आरपीएम वाढत नाही कारण ॲडव्हान्स नाही. याला आपल्याकडे डेडलॉक म्हणतात :-) गाडीच्या भाषेत, पिकअप घेताना गचका. नेमका सिग्नल सुटल्यावर, नेमका वळताना.

पार्ट वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. पार्ट चुकीच्या जागी आहे आणि तो लावणाऱ्याला (म्हणजे मला) ते माहीत नव्हतं. माझी जास्त तक्रार पुढच्या उपायांबद्दल आहे. गचक्यावर मला मिळालेले सल्ले बघा:

"आयडलचा जेट मोठा टाक." टाकला. गचका कमी झाला, पेट्रोलचा वास वाढला.
"ॲक्सिलरेटर पंपाचा फवारा वाढव." वाढवला. प्लग काळे.
"टाइमिंग थोडं पुढे घे, कानाने. इंजिन खूश झालं की थांब." घेतलं. इंजिन खूश. मीही खूश.

बघा काय झालं. बग एका मॉड्यूलमध्ये, पॅच दुसऱ्यात, त्या पॅचचा साइड इफेक्ट झाकायला तिसरा पॅच. ऑफिसात कुणी असा कोड चेक-इन केला तर आपण त्याची सालटी काढतो. मग गॅरेजमध्ये गेल्यावर आपली अक्कल कुठे जाते?

त्यातला तिसरा सल्ला सगळ्यात घातक. पुण्याला बाबांशी फोनवर बोलताना मी कौतुकाने सांगितलं, "बाबा, टाइमिंग मी स्वतः लावलं, आवाजावरून." बाबांच्या चेतकच्या डिकीत वर्षानुवर्षं फीलर गेज असायचा, रुमालात गुंडाळलेला. ते म्हणाले, "अरे, पण मोजलंस का?" मी म्हटलं, नाही. "मग लावलंस काय? अंदाज?"

मला तेव्हा राग आला होता. दोन आठवड्यांनी हायवे १७ चा घाट चढून सांताक्रूझला गेलो. ऐन उन्हाळा, गाडीत चौघं, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला. उतरणीला लागेपर्यंत इंजिनातला जीव गेला होता. घरी आणून कॉम्प्रेशन बघितलं, तीन नंबरचा सिलिंडर मेलेला. हेड काढल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला निघाला. दुरुस्तीत अर्ध्या महिन्याचं भाडं गेलं, आणि बे एरियातलं भाडं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे.

हेड बसल्यावर मी पहिल्यांदा टायमिंग लाइट विकत आणला आणि त्याच सेटिंगवर मोजलं. आयडलला १७ डिग्री, ३३०० आरपीएमला ४०. या इंजिनाला मेकॅनिकल ॲडव्हान्स धरून पूर्ण लोडखाली २८ ते ३२ पुरतो. म्हणजे मी आठ-दहा डिग्री जास्त घेऊन घाट चढलो होतो, तोही उन्हाळ्यात. व्हॉल्व्ह जळायला याहून वेगळं कारण शोधायची मला तरी गरज वाटली नाही.

कानाने असं का होतं तेही समजून घ्या. आयडलला सिलिंडरमध्ये जुन्या धुराची भेसळ जास्त, मिश्रण हळू जळतं. त्यामुळे ॲडव्हान्स वाढवला की आयडल वाढतो, गुळगुळीत होतो, कानाला गोड लागतो. कान नेहमी जास्त ॲडव्हान्सलाच मत देणार. पण कान आयडलला ऐकतोय आणि इंजिन मरतंय तीन हजाराच्या वर! तिथे मागे पंख्याचा एवढा गोंगाट असतो की हलकं नॉकिंग ऐकूच येत नाही. जो सेन्सर धोक्याच्या जागी बहिरा आहे, त्याच्यावर भरवसा ठेवण्याला अनुभव म्हणायचं की अंधश्रद्धा?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. तेही ऐकून घेतले पाहिजेत.

"लाखो बीटल ००९ वर चालल्या." खरं आहे. बीटल एकूण २,१५,२९,४६४ बनल्या, शेवटची ३० जुलै २००३ ला मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. एवढ्या गाड्यांत काहीही चालून जातं. 'चालते' आणि 'बरोबर चालते' यात फरक आहे. हलक्या पायाने हायवेवर जाताना व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर आणखी दहा-बारा डिग्री देतो, एकूण चाळीसच्या आसपास. (हे चाळीस आणि माझे घाटातले चाळीस वेगळे. तिथे लोड नसतो, आणि पाय दाबला की डबा ते लगेच परत घेतो.) तो मिळाला नाही तर मिश्रण उशिरा जळतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते आणि पेट्रोल वाया. गाडी बंद पडत नाही म्हणून हे कुणाला कळत नाही, इतकंच.

"मग इलेक्ट्रॉनिक घे, ट्यूनिंगचं लफडंच नाही." हा आपल्या आयटीवाल्यांचा लाडका गैरसमज. पॉइंट्सच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल फक्त पहिलं काम करतं, करंट तोडायचं. ते झिजत नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टाइमिंग हळूहळू सरकत नाही, हा फायदा मोठा आहे आणि मी स्वतः ते वापरतो. पण वजनं तीच, स्प्रिंगा तीच. चुकीचा वक्र आता अत्यंत अचूकपणे चुकीचा चालतो. फोनवरून ब्लूटूथने वक्र बदलता येतील असेही डिस्ट्रिब्युटर मिळतात. उत्तम आहेत. पण त्यात आकडे कोण भरणार? डिफॉल्टवर ठेवून महागडा स्विच वापरणारे लोक मी पाहिलेत.

"ओरिजिनलच ठेवावा." हे सोवळ्यातले लोक. पन्नास वर्षांच्या डिस्ट्रिब्युटरचा डायफ्रॅम फाटलेला, बुश झिजलेली, शाफ्ट हातात हलतोय, स्प्रिंगा ढिल्या. त्याच्यावरचा नंबर ओरिजिनल असेल, वक्र नाही. बदलायला माझा विरोध नाहीच. न मोजता बदलायला आहे.

मग करायचं काय? सांगतो. एक शनिवार लागतो.

आधी बाकीचं घर सावरा. थंड इंजिनावर व्हॉल्व्हचा गॅप ०.१५ मिमी, प्लग स्वच्छ. यात घोळ असेल तर टाइमिंगचा सगळा खटाटोप वाया.

जुना काढायच्या आधी इंजिन हाताने फिरवून एक नंबर सिलिंडर टीडीसीला आणा. रोटर डिस्ट्रिब्युटरच्या कडेवरच्या खाचेसमोर आला पाहिजे. फोटो काढा. वायरी कुठली कुठे ते लिहून ठेवा, फायरिंग ऑर्डर १-४-३-२, रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. बाहेर काढल्यावर खाली ड्राइव्हच्या मधोमध एक छोटी स्प्रिंग असते. ती इंजिनात पडली तर तुमचा शनिवार नाही, महिना जाईल. नवा बसवताना ओ-रिंग नवी टाका. खालची खाच एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. बसत नसेल तर ठोकू नका, फिरवा.

पॉइंट्स असतील तर गॅप ०.४ मिमी, ड्वेल ४४ ते ५० डिग्री. *आधी* गॅप, *मग* टाइमिंग, कारण गॅप बदलला की टाइमिंग बदलतं. उलट क्रमाने करणारे महाभाग आहेत.

नंतर व्हॅक्यूमची नळी काढून बुच लावा आणि टायमिंग लाइटने मोजा. इंजिन सुरू होण्यापुरतं ७.५ डिग्री आधी लावायला हरकत नाही, पण शेवटचा निर्णय वरच्या टोकाला. ३००० ते ३५०० आरपीएम, ॲडव्हान्स वाढायचा थांबेल तिथे २८ ते ३२. मी ३० वर ठेवतो. आयडलला मग जो आकडा येईल तो येईल. सावधान: हे नुसत्या मेकॅनिकल किंवा एका नळीच्या व्हॅक्यूम डिस्ट्रिब्युटरचे आकडे. १९७१ ते ७३ च्या इथल्या बऱ्याच बीटलमध्ये दोन नळ्यांचा डिस्ट्रिब्युटर होता, तो आयडलला नळ्या लावलेल्या ठेवून टीडीसीच्या *नंतर* ५ डिग्रीवर लावतात. दोन्ही पद्धतींची खिचडी केलीत तर मग देवच वाली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच करत नाही. १००० आरपीएमपासून दर ५०० ला रीडिंग घ्या आणि आलेख काढा. पंधरा मिनिटांचं काम. विकणाऱ्याने दिलेल्या कागदाशी ताडून बघा, पण कागदावरचे आकडे डिस्ट्रिब्युटरच्या डिग्रीत आहेत की क्रँकच्या ते आधी विचारा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे त्याची एक डिग्री क्रँकच्या दोन. युनिट्सच्या घोळात १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं, तुमची बीटल काय चीज आहे! शेवटी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा. प्लेट हलली आणि ओढ धरून राहिली तर डबा जिवंत.

मी आता १६०० साठीचा व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्युटर लावलाय. जेट परत मूळ मापाचा, पंप मूळ सेटिंगवर. पिकअपचा गचका पहिल्या दिवशी गेला. मधल्या काळात लावलेले सगळे पॅच काढून टाकायला मात्र तीन शनिवार गेले.

दोघांचं जेवण बाहेर झालं की जेवढं बिल येतं तेवढ्यात टायमिंग लाइट येतो. तरी जुनी गाडी घेतलेल्या, माझ्या वयाच्या, चांगला पगार असलेल्या दहा जणांना विचारलं तर नऊ जणांकडे तो नसतो. क्रोमच्या हबकॅप्स असतात. आपण दिवसभर दुसऱ्यांना 'डेटा दाखवा' म्हणून छळतो, आणि स्वतःच्या गाडीला, जिच्यात आपण चार माणसं बसवून घाट चढतो, तिला 'आवाज बरा येतोय' वर सोडून देतो. याला छंद म्हणू नका. हा निष्काळजीपणा आहे, आणि मी तो स्वतः करून बसलोय म्हणून एवढ्या तावातावाने सांगतोय.

असो. पुढच्या शनिवारी कुणाला आलेख काढायचा असेल तर लाइट माझ्याकडे आहे, घेऊन जा. परत आणताना आलेख दाखवायचा, एवढीच अट.